२४ किलो

मी अंगणवाडी सेविका. महिन्यातून एकदा वाड्यावरची पोरं काट्यावर चढवायची, वजन वहीत घालायचं, दंडाभोवती पट्टी धरून हिरव्यात येतं की पिवळ्यात ते बघायचं, हे काम मी पंधरा वर्षं करते आहे. एखाद्या पोराचं वजन लागोपाठ तीन महिने हललं नाही, तर त्याच्या आईला मी दारातच थांबवते. माझ्या स्वतःच्या मुलीचं वजन मात्र पंधरा महिने २४ किलोवर होतं आणि दर वेळी तो आकडा बघून मला बरं वाटत होतं.

तिला घरात आम्ही बाय म्हणतो, इथेही बायच म्हणते. चौथ्या वर्षी तिचे डोळे सुजले, मग पाय, मग सगळं अंग. लघवीतून प्रथिनं जात होती. नेफ्रोटिक सिंड्रोम. स्टिरॉइडने बहुतेक मुलांचं भागतं, बायचं भागलं नाही. बायोप्सीत एफएसजीएस निघालं, म्हणजे किडनीतल्या गाळण्यांवर वण पडण्याचा आजार. पुढच्या सहा वर्षांबद्दल लिहीत बसत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत, दहा वर्षांची असताना, तिला डायलिसिसवर घेतलं. आधी मानेतल्या कॅथेटरवर, मग डाव्या हातात फिस्टुला केला, म्हणजे मशीनला रक्त मिळावं म्हणून धमनी आणि शीर जोडली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार-चार तास. सेंटरमध्ये सगळी मोठी माणसं, त्यांत ही एकटी चिमुरडी. शेजारच्या मशीनवरचे आजोबा तिच्यासाठी रोज चॉकलेट आणायचे आणि मी ते रोज पर्समध्ये टाकायचे.

डायलिसिसवाल्यांच्या घरात ‘ड्राय वेट’ हा शब्द तुळशीपुढच्या दिव्यासारखा रोज लागतो. अंगात जास्तीचं पाणी नसताना माणसाचं जे वजन, ते ड्राय वेट. बायला लघवी होते जेमतेम शंभर मिली. म्हणजे जे प्याली-खाल्ली त्यातलं बहुतेक पाणी आतच. मंगळवारी काट्यावर २५.२ भरली की १.२ लिटर मशीनने ओढून काढायचं आणि तिला २४ वर आणून घरी पाठवायचं. एक किलो म्हणजे एक लिटर, इतका सरळ हिशेब. तो आकडा जून २०२३ मध्ये ठरला होता. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलेला, भोवती गोल.

२०२४ च्या मे महिन्यात तिला टायफॉइड झाला. तीन आठवडे पेजेशिवाय काही पोटात गेलं नाही. बरी झाल्यावर गाल वर आलेले दिसले, आजी म्हणाली, ‘बघ, पोरगी कशी भरली.’ डायलिसिस संपल्यावर काटा २४ च दाखवत होता. मी देवाला नारळ ठेवला.

आता कळतं ते तेव्हा कळायला हवं होतं. जेवणच गेलं नाही तर मांस कुठून येणार? दंड, मांड्या झडल्या होत्या आणि झडलेल्या मांसाच्या जागी पाणी येऊन बसलं होतं. काट्याला मांस आणि पाणी यातला फरक समजत नाही. त्याला २४ दिसले, त्याने २४ दाखवले. आम्ही दर वेळी तिला ‘कोरडी’ समजून घरी आणत होतो आणि ती आतून ओलीच होती.

त्या वर्षी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, शनिवारी आली, ७ सप्टेंबरला. शनिवारचं डायलिसिस शुक्रवारी करून घेतलं; पुढचं थेट मंगळवारी. घरात गणपतीवर फळापानांची माटोळी बांधलेली, नेवऱ्यांचा (करंज्यांचा) वास, घुमट वाजतंय, आरत्या. मुलगी किती वेळ पाण्याच्या बाटलीकडे बघत बसणार? तिने पाणी चोरून प्यायलं असेल असं मला अजूनही वाटत नाही. तिने खतखतें खाल्लं, पातोळ्या खाल्ल्या, पापड खाल्ला, सणाला कोण नाही म्हणतं. सोमवारी रात्री अडीचला तिने मला हलवलं. ‘आई, न्हिदपाक जायना.’ झोपता येत नाही. (आम्ही घरात कोकणी बोलतो आणि लिहितो मराठीत, गोव्यात यात कुणाला काही वावगं वाटत नाही.) आडवी झाली की श्वास लागत होता, बसली की जरा बरं. खोकल्यात गुलाबी फेस दिसल्यावर तिच्या पपांनी गाडी काढली. डिचोलीहून बांबोळीपर्यंत ती माझ्या मांडीवर ताठ बसून होती.

बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, काट्यावर २६.३ भरले. रात्रीतच मशीनवर घेतलं. पाणी फुप्फुसांत चढलं होतं. तिथल्या सिस्टरने सामानातून लहान मुलांचा बीपीचा पट्टा काढून उजव्या दंडाला बांधला. १५८/१०४. मी म्हटलं, ‘सिस्टर, आमच्याकडे तर ११८ पर्यंत येतं, कधी १२०.’ त्या म्हणाल्या, ‘तिकडे कुठला पट्टा बांधतात?’

तिकडे मोठ्या माणसांचाच बांधत. दुसरा नव्हताच. कुणाचा हेतू वाईट नव्हता, पण दंडाच्या मानाने पट्टा मोठा असला तर बीपी खरं आहे त्यापेक्षा कमी दिसतं. पट्ट्यातल्या हवेच्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के असावी लागते. बायच्या दंडाचा घेर मी घरी आल्यावर शिवणाच्या टेपने मोजला: साडेपंधरा सेंटिमीटर. म्हणजे सहा-सव्वासहा सेंटिमीटर रुंदीची पिशवी हवी. मोठ्यांच्या पट्ट्यात याच्या जवळपास दुप्पट असते. दुसरी गोष्ट त्याच रात्री कळली. मुलांचं बीपी १२०/८० च्या मापाने बघायचंच नसतं. वय आणि उंची धरून तक्ता असतो. अकरा वर्षांच्या बुटक्या मुलीला १२० सुद्धा जास्तच. आम्ही ज्याला नॉर्मल म्हणत होतो ते कमी दाखवणाऱ्या पट्ट्यावरचं आणि तरीही जास्त होतं. वर्षभर.

पाणी उतरल्यावर, श्वास शांत झाल्यावर, दोन दिवसांनी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. अंगात पाणी असताना इको केला तर चित्र खोटं येतं, म्हणून थांबले होते. हृदयाचा डावा कप्पा, जिथून रक्त सगळ्या अंगाला ढकललं जातं, त्याची भिंत जाड झाली होती. उंचीच्या हिशेबात बसवून त्याचं वजन काढतात. नऊ वर्षांवरच्या मुलींमध्ये ते ४० च्या आत असावं. बायचं ५८.

आजीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘इतक्या लहान पोरीला हार्टचं? तिच्या आजोबांना पंचाहत्तराव्या वर्षी झालं ते.’ मलाही तसंच वाटलं होतं. माझ्या डोक्यात हार्ट म्हणजे चरबी, ब्लॉक, स्टेंट. बायचं तसं काही नाही. वर दाब असला आणि आत पाणी जास्त असलं की हृदयाला प्रत्येक ठोक्याला जोर लावावा लागतो. विहिरीचं पाणी ओढणाऱ्या बाईचे दंड भरतात तशी ती भिंत भरते. पण दंड भरला तर काम सोपं होतं. इथे भिंत भरली की आतली जागा कमी होते, भिंत ताठर होते, नीट सैल पडत नाही. मग थोडं पाणी जास्त झालं तरी ते मागे फुप्फुसात जातं. त्या रात्री तेच झालं होतं. शिवाय तिचं हिमोग्लोबिन तेव्हा ७.६ होतं. रक्त पातळ म्हणजे तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या. फिस्टुलाचा प्रवाहही हृदयावरच पडतो. चारी बाजूंनी एकाच बैलाला जुंपलेलं.

किडनी बिघडलेल्या मुलांचा जीव बऱ्याचदा हृदय घेतं, हे वाक्य बांबोळीच्या एका तरुण डॉक्टरांनी मला उभ्या उभ्या सांगितलं. सहा वर्षं आम्ही क्रिएटिनिन, क्रिएटिनिन (रक्तातला किडनीचा आकडा) करत होतो. हृदयाबद्दल मी एकदाही विचारलं नव्हतं आणि कुणी आपणहून सांगितलंही नव्हतं. याचा राग अजून गेलेला नाही, पण तो कुणाच्या नावावर लिहावा हे ठरत नाही.

त्यांनीच मुलांच्या किडनीच्या डॉक्टरांकडे बेळगावला जायला सुचवलं. केरीवरून चोर्ला घाट चढून जांबोटीमार्गे. बायला घाटात वांती होते. वांती झाली तर पाणी जातं, हा आमचा त्या दिवसांतला विनोद.

बेळगावच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि आधी तिचा दंड दोन बोटांत धरला. मांडी दाबून बघितली. मग फाइलमधला लाल गोल दाखवून म्हणाले, ‘हा आकडा कधीचा?’ जून २०२३, मी सांगितलं. ‘मधे ही आजारी होती?’ टायफॉइड सांगितला. ते गप्प बसले. मग मला विचारलं, ‘तुम्ही काय करता?’ अंगणवाडी म्हटल्यावर ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, ‘मग तुम्हीच सांगा, मुलाचं वजन पंधरा महिने तेच राहतं का?’

वाढत्या मुलाचं ड्राय वेट दर महिन्याला नव्याने बघायचं असतं. मूल वाढलं तर आकडा वर न्यायचा, नाहीतर मशीन अंगातलं हवं असलेलं पाणीही काढतं. मूल रोडावलं तर खाली आणायचा. त्यांनी अंदाज दिला: खरं वजन २२ च्या आसपास असेल. बीपीच्या चार गोळ्या चालू होत्या. त्यांनी पाचवी दिली नाही. ‘पाणी काढा, मीठ काढा, गोळ्या मी काढतो.’

मीठ. सगळे पाण्यावर पाळत ठेवतात. मीही ठेवली होती. पाचशे मिलीची बाटली सकाळी भरायची, औषधाचं पाणी, आमटी, चहा सगळं तिच्यातून वजा. बर्फाचा खडा, लिंबाची फोड, चुळा भरणं, सगळे उपाय झाले. तरी मे महिन्याच्या उकाड्यात ‘आई, इल्लें उदक दी’ (थोडं पाणी दे) म्हणून ती मागे मागे फिरायची आणि मी तिला हट्टी म्हणायचे. तो हट्ट नव्हता. अंगात मीठ गेलं की तहान लागणारच. रक्तातलं मिठाचं प्रमाण सांभाळायला शरीर पाणी मागतं. साधारण ९ ग्रॅम मिठामागे एक लिटर पाणी अंगात राहतं. सलाइनच्या बाटलीतही तेच प्रमाण, ०.९ टक्के.

घरी येऊन मी वाण्याची बिलं काढली. एक किलो मीठ आम्हां पाच जणांना २२ दिवस पुरत होतं. भागाकार करा: माणशी रोज ९ ग्रॅम. मोठ्या माणसालाही जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. आणि या ९ ग्रॅममध्ये पापड, पाव, फरसाण आलेच नाहीत, मिठात घातलेली तोरां (कैऱ्या) नाहीत, सुक्या सुंगटांचं (कोळंबीचं) किस्मूर नाही. पेजेबरोबर तोराचा तुकडा हा आमच्या घराचा धर्म. टायफॉइडात तीन आठवडे मी तिला पेज आणि तोरच देत होते, तोंडाला चव यावी म्हणून.

पहिला आठवडा घरात भांडणं झाली. बायला वेगळं आणि आम्हांला वेगळं करून बघितलं. ती आमच्या ताटाकडे बघत राहायची. मग सगळ्यांचंच कमी केलं. सोलां (आमसुलं), कोथिंबीर, आलं, मिरी, लसूण, लिंबू यांवर कढी-आमटी उभी करायची. सुक्या मासळीचा डबा शेजारी दिला. पपा महिनाभर जेवताना तोंड वाकडं करत होते, मग त्यांचीही सवय मोडली. एका नातेवाइकांनी कौतुकाने ‘लो सोडियम’ मिठाचं पाकीट आणलं. ते मी बेळगावला फोन करून विचारलं म्हणून बरं. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं आणि किडनी नसलेल्या माणसाचं पोटॅशियम चढलं तर हृदयाचा ठोकाच चुकतो. त्याच कारणाने शहाळं बंद, भाज्या चिरून पाण्यात ठेवून, ते पाणी ओतून, मग शिजवायच्या. आणि आमच्या परसातलं करमलांचं, म्हणजे स्टारफ्रूटचं, झाड! गोव्याचे म्हटल्यावर त्यांनी आपणहून विचारलं, करमलां खाता का. त्या फळातलं एक विष निरोगी किडनी बाहेर टाकते; डायलिसिसच्या माणसाला त्याने उचक्या लागतात, भ्रम होतो, आकडी येते, जीवही जातो. बायला आजपर्यंत करमलां आवडत नव्हती, एवढ्यावर वाचलो.

ड्राय वेट खाली आणणं कागदावर सोपं दिसतं. आधी दर डायलिसिसला १०० ग्रॅम. बेळगावच्या डॉक्टरांनी एक मर्यादा घालून दिली: किलोमागे तासाला १३ मिलीपेक्षा जास्त ओढायचं नाही. २२ गुणिले १३ गुणिले ४, म्हणजे चार तासांत ११४४ मिली. घाईने ओढलं की बीपी कोसळतं आणि त्या वेळी हृदयाच्या स्नायूलाही रक्त कमी पडतं. हृदय वाचवायला गेलो आणि तिथेच इजा. म्हणून काही आठवडे चौथं डायलिसिस, दर सोमवारी, मागून घेतलं. सेंटरला हे पटवणं एक काम होतं. बाय जांभया द्यायला लागली की बीपी उतरतंय हे मला मशीनच्या आधी कळायचं. पोटऱ्यांत गोळे यायचे, ती माझा हात चावायची. एकदा २२.६ वर असताना डोळे फिरवले. टेक्निशियन इतका घाबरला की म्हणाला, ‘मॅडम, २४ बरे होते.’

सर्वांत कठीण काय असेल तर, सहा आठवडे पाणी काढून बीपी हललंच नाही. मला वाटलं अंदाज चुकला. डॉक्टर म्हणाले, पाणी उतरल्यावर दाब उतरायला आठवडे लागतात, थांबा. नवव्या आठवड्यात एका सकाळी १०८/६८ आलं, लहान पट्ट्यावर. (तो पट्टा आता आमचा स्वतःचा आहे, डब्याच्या पिशवीत असतो. बांधायचा उजव्या हातालाच. फिस्टुलाच्या हाताला कधी नाही.) दहाव्या आठवड्यात २२.१. गाल गेले, हाडं दिसायला लागली, आजी रडली. खरी बाय एवढीच होती. तिथून तिचं जेवण सुरू झालं. रोज अंडं, कोंबडी, ताजी मासळी. पाणी उतरल्यावर भूकही परतली.

गोळ्या चाराच्या दोन झाल्या, मग एक. रात्रीचं बीपी बघायला चोवीस तासांचं मशीन लावलं. रात्री झोपेत दाब दहा टक्के तरी उतरायला हवा, तिचा जेमतेम पाच उतरत होता. ते मशीन रात्री दर अर्ध्या तासाने दंड आवळतं. सकाळी म्हणाली, ‘रातभर कोण तरी म्हजो हात धरतालो.’

दुसरा धडा कॅल्शियमचा. फॉस्फरस बांधायला तिला जेवणाबरोबर कॅल्शियमच्या गोळ्या होत्या आणि मी त्या हाडांसाठी चांगल्या म्हणून हौसेने द्यायचे, कधी एखादी जास्तही. किडनी फॉस्फरस बाहेर टाकत नाही. तो आणि कॅल्शियम मिळून रक्तवाहिनीच्या भिंतीच्या मधल्या थरात बसतात. चरबीसारखं आतून तुंबत नाही, नळीच कडक होते. कुळागरातला (बागेतला) पाइप उन्हात राहून कडक होतो, तसा. डॉक्टरांनी २००० सालच्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. डायलिसिसवरच्या ३९ तरुण रुग्णांच्या हृदयाचा स्कॅन केला होता. विशीच्या आतल्या २३ जणांत एकाच्याही हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम दिसलं नाही. २० ते ३० वर्षांच्या १६ जणांपैकी १४ जणांत दिसलं. परतीच्या घाटात मी तोच हिशेब करत होते. बाय अकराची. नऊ वर्षं.

कॅल्शियमच्या गोळीच्या जागी सेव्हेलामर आलं. ते जेवतानाच घ्यायचं, मागाहून नाही. शाळेच्या डब्यात दोन गोळ्या पोळीच्या खाली असतात. पाकिटातले वेफर, कोला, प्रक्रिया केलेलं मांस बंद, कारण त्यात घातलेला फॉस्फेट जवळपास सगळा अंगात मुरतो. शेजारच्या मशीनवरच्या आजोबांना सांगितलं, चॉकलेट नको. ते आता तिच्यासाठी कोडी आणतात, वर्तमानपत्रातली कापून.

एचडीएफ (हिमोडायफिल्ट्रेशन) नावाचं, रक्त जास्त कसून गाळणारं डायलिसिस असतं, त्यात मुलांच्या मानेतल्या रक्तवाहिनीची भिंत वर्षभरात जाड झाली नाही, साध्या डायलिसिसवर झाली, असा २०१९ चा एक अभ्यास आहे. मी आमच्या सेंटरला विचारलं. मशीन नाही. पुन्हा विचारणार आहे. किडनी देण्यासाठी माझ्या तपासण्या चालू आहेत; त्यातही पहिला प्रश्न बायचं हृदय ऑपरेशन सोसेल का हाच होता.

वर्षाने, सप्टेंबर २०२५ मध्ये, पुन्हा इको झाला. ४४. अजून चाळीसच्या वरच. हिमोग्लोबिन १०.८.

घरी मधल्या दाराच्या चौकटीवर मी पेन्सिलने तिची उंची खुणावते, खाली दंडाचा घेर. गेल्या महिन्यात उंची एक सेंटिमीटर वर गेली, दंड १६.४ झाला. बीपी ठीक, पायावर सूज नाही, आणि डायलिसिसच्या शेवटच्या तासाला पोटऱ्यांत गोळे यायला लागले होते. मी बेळगावला फोन केला. डॉक्टर म्हणाले, ३०० ग्रॅम वर न्या.

मंगळवारी टेक्निशियनने फाइलमधला जुना आकडा खोडून नवा घातला. बाय काट्यावर उभी होती. तिने खाली वाकून बघितलं, मग माझ्याकडे.

‘आई, हें मास काय उदक?’

‘मास,’ मी म्हटलं.

‘दंड मेज पळोवया,’ (मोज बघू) ती म्हणाली आणि बाही वर केली.